मुहूर्ताची तार

मिलिंद, तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उठवलं. मी माइकपाशी गेलो, घसा खाकरला आणि परत जागेवर येऊन बसलो. लोकांना वाटलं, गळा दाटून आला. सुजातावहिनींनी स्वतः उठून पाण्याचा ग्लास पुढं केला. खरं सांगू? गळाबिळा काही दाटला नव्हता. ज्याच्या माथी मी आठवड्यापूर्वीच एक चूक मारून मोकळा झालो होतो, त्याच्याच फोटोसमोर उभं राहून तो किती काटेकोर होता हे सांगायला माझी जीभ उचलेना. तिथं जे बोलायचं राहिलं ते आज लिहितोय. तू म्हणाला असतास, "भाषण नक्को शिरीष, काय झालं तेवढं सांग." सांगतो.

हे तुलाच लिहितोय, पण ओळखीतले चार जणही वाचतील. तुझ्या भाचरांना मराठी वाचायला जड जातं, त्यांना कुणीतरी वाचून दाखवेल. मामा काम काय करायचा हे त्या पोरांना कुठं धड ठाऊक आहे? "मशीन का कुछ करते थे" एवढंच सांगतात. म्हणून थोडं त्यांच्यासाठीही.

आपली ओळख पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये झाली. मला शॉक बसला आणि मी अस्सल मराठीत एक शिवी हासडली. मागून आवाज आला, "आधी स्विच बंद कर, मग आईबहीण काढ." वळून बघतो तर तू. मी हैदराबादच्या बरकतपुऱ्यातला, घरात पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरी नाहीतर वकिली. तू काचीगुडा स्टेशनामागचा, वडील नांदेडकडून रेल्वेत लागून इथं आलेले. त्या वर्गात मराठीत भांडता येईल असे आपण दोघंच होतो, त्यामुळं मैत्री व्हायला फार वेळ लागला नाही. भांडण मात्र तेव्हा जे सुरू झालं ते तू जाईपर्यंत संपलं नाही.

पुढं आपण दोघांनी धंदा काढला. लोखंड कातायच्या जुन्या लेथ मशीन घ्यायचो. लोखंड भक्कम, पण सगळं काम हँडल फिरवून हातानं करायचं. त्यांची हँडलं काढून मोटरी बसवायच्या, मोटरीला मोजूनमापून वीज देणारी ड्राइव्ह बसवायची, आणि सगळ्यांना हुकूम सोडायला वर एक कंट्रोलर. तू गिऱ्हाइकाला समजावताना म्हणायचास, कंट्रोलर म्हणजे डोकं आणि ड्राइव्ह-मोटर म्हणजे हात. डोकं नीट जागं व्हायच्या आधी हात हलता कामा नये. आपल्या धंद्यातलं सगळं शहाणपण तुझ्या मते या एका वाक्यात होतं. बाकीचं म्हणजे स्क्रू आवळणं, असं तू म्हणायचास.

आणि त्या वाक्यापायी तू किती वेळ खायचास! नव्या पॅनेलला पहिल्यांदा वीज द्यायची तर आधी फक्त कंट्रोलरची, तीही मध्ये एक साधा बल्ब घालून. बल्ब भगभगला तर आत कुठंतरी शॉर्ट आहे, मंद झाला तर पुढं जा. तोवर मोटरी मशीनपासून सोडवून खाली पोत्यावर मोकळ्या ठेवलेल्या. फिरल्याच वेड्यावाकड्या तर पोत्यावर फिरतील. चालू करायच्या हिरव्या बटणाच्या आधी बंद करायचं लाल बटण तपासायचं. आणि सगळं जोडून झालं की शेवटची परीक्षा: मेन स्विच बंद करायचा, पुन्हा चालू करायचा, आणि हाताची घडी घालून उभं राहायचं. मशीननं काहीही करता कामा नये. जरा हलली तर नापास. वीज जाऊन आली तर माणसानं सांगितल्याशिवाय मशीन जागची हलणार नाही, याची ती खातरजमा. गिऱ्हाईक विचारायचं, "क्या हुआ?" तू खूश होऊन म्हणायचास, "कुछ नै हुआ!" गिऱ्हाईक माझ्याकडं बघायचं, की हा माणूस हौला, म्हणजे खुळा, आहे का काय.

माझा जीव जायचा. मी पहिल्यापासून उतावळा, नवरदेवाआधी घोड्यावर बसणारा. एकदा मी चिडून म्हणालो, "अरे, लोकांची लग्नं लागतात एवढ्या वेळात."

"मुहूर्त चुकला तर काय होतं रे तुझं?" तू विचारलंस.

"गिऱ्हाईक नाराज होतं."

"माझं चुकलं तर कुणाचा तरी हात जातो. आता बोल."

पण गिऱ्हाइकं सांभाळायची मला. मशीन चालू करायची म्हणजे मालकाला मुहूर्त हवा. मालकीणबाई, सासुरवाडीची माणसं, पूजा सांगणारे पंतुलुगारू, नारळ, कापूर, हळदकुंकू लावलेलं पॅनेल. आणि मुहूर्ताच्या त्या घटकेला काहीतरी फिरलंच पाहिजे. तुझ्या हिशेबानं अजून परवापर्यंत काही फिरणार नसायचं. दाराचं स्विच बाकी, तेलाच्या पंपाची जोडणी बाकी, आणि सगळीकडून 'तयार' असा निरोप आल्याशिवाय कंट्रोलर ड्राइव्हला परवानगी देणार नाही. देऊ नये म्हणूनच तर तू ते तसं जोडलेलं.

मग मी तोड काढली. एक वीतभर तार. परवानगीच्या रिलेवर आडवी टाकायची, म्हणजे ड्राइव्हला वाटतं की कंट्रोलरनं हो म्हटलं. चक, म्हणजे लोखंड पकडणारा पुढचा जबडा, दोन गिरक्या घेतं, टाळ्या पडतात, मंडळी जेवायला जातात आणि तार काढून टाकायची. तू महिनाभर माझ्याशी धड बोलला नाहीस. शेवटी कबूल झालास, ते तुझ्या अटींवर. तार पिवळीच असणार, लांबून दिसावी म्हणून. लावणारही तू, काढणारही तू. आणि काढल्यावर ती मेन बंद-चालूची परीक्षा झाल्याशिवाय कुणी मशीनला हात लावायचा नाही. आपला मदतनीस यादगिरी तिला 'मुहूर्तम वायर' म्हणायला लागला आणि मग तेच नाव पडलं.

पूजा चालू असताना तू बाहेर जायचास. मी गिऱ्हाइकाला सांगायचो, "हमारे इंजिनिअर साब कू धुएं की तकलीफ है." तू ऐकून हसायचास. "सरळ सांग ना, आम्ही बुद्धाची माणसं, पूजा करत नाही. त्यात चोरी कसली?" मी म्हणायचो, कशाला उगीच गिऱ्हाइकाच्या मनात किंतु. तो किंतु नक्की कुणाच्या मनात होता हे तू कधी विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर बरं झालं असतं. तो वादही तसाच राहिला.

आपलं जुनं गिऱ्हाईक श्रीनिवासगारू, त्यांच्या कारखान्यात तुला सोबत ठरलेली असायची. तिथले जुने ऑपरेटर सत्तारभाईही पूजेच्या वेळी बाहेर येऊन उभे राहायचे. ते तुला "जय भीम, मिलिंदभाई" म्हणायचे, तू त्यांना "सलाम" म्हणायचास, आणि गेटासमोरच्या टपरीवर दोघं बशीत चहा ओतून प्यायचात. आत कापूर पेटला की मला खिडकीतून तुम्ही दोघं हसताना दिसायचात. कधीकधी वाटायचं, आपणही बाहेर जावं. पण नारळ माझ्या हातात असायचा.

शेवटची मशीन तिथलीच. राज्याची फाळणी ठरली होती, आणि त्यात तो उन्हाळा. कुठली कचेरी कुणाच्या वाट्याला, कुठला कारकून कुठं जाणार, हैदराबादेत दुसरं बोलणंच नव्हतं. वहिनींना त्यांचं सरकारी खातं पलीकडं पाठवतं की काय याचा तुला घोर. तरी थट्टा सुटत नव्हती. "एवढं मोठं राज्य सुटं करायला घेतलंय, कुणी आधी मेन बंद केलाय का बघ," म्हणायचास. वीज तर तेव्हा जात-येतच असायची.

त्या दिवशी तू स्टुलावर बसून तार लावलीस. एरवी कधी बसायचा नाहीस. शर्ट पाठीला चिकटलेला, कपाळावर घाम. मला वाटलं, उकाडा. मुहूर्त झाला, चक फिरलं, टाळ्या पडल्या, द्रोणातून पुळिहोरा वाटला गेला. तू माझ्याजवळ आलास. "शिरीष, पंपाचं कनेक्शन दे, तार काढ आणि मेन बंद-चालू करून बघ. मला जरा बरं वाटत नाहीये, मी घरी जातो." इतक्या वर्षांत मशीन अर्धी सोडून तू कधी घरी गेला नव्हतास. एवढ्यावरून तरी मला कळायला हवं होतं. मी तोच चिंचेचा भात खात होतो. तोंडात घास तसाच ठेवून म्हणालो, "हौ रे बाबा, जा तू. मी आहे ना!"

पंपाचं कनेक्शन मी दिलं. मशीन चालू लागली, लाल बटण दाबलं की बिनतक्रार थांबली, पहिला जॉब कातून आरशासारखा निघाला. श्रीनिवासगारूंनी मला मिठी मारली. तार तिथंच राहिली. परीक्षा घेतलीच नाही. तार आत असताना मशीन एरवी शहाण्यासारखीच वागते, म्हणून कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. ती कधी दगा देते, तर वीज जाऊन परत आली की, तेही एखाद्या वेळीच.

दुसऱ्या दिवशी तुला हॉस्पिटलात ठेवलं. मी भेटायला आलो तर तुझा पहिला प्रश्न, "तार काढलीस?" माझं डोकं फिरलं. नाकात नळी, छातीला वायरी, आणि ह्याला मशीनचं पडलंय! "इथं पण तेच का? गुमान झोप," म्हणून मी ओरडलो. नर्सनं मला बाहेर काढलं. मी तुला हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. तुझ्या-माझ्यातलं ते शेवटचं बोलणं.

तू गेल्यावर काही दिवसांतच फोन आला. दुपारी वीज गेली होती. सत्तारभाई चकाजवळचा लोखंडाचा कीस ब्रशनं साफ करत होते. वीज आली. कंट्रोलर अजून जागा होतोय तोच ड्राइव्हला ताकद मिळाली आणि हत्याराची गाडी झटक्यात पुढं सरकली. सत्तारभाईंची दोन बोटं चेंगरली. हाडं वाचली, एक नख गेलं. हात जरा आत असता तर मनगट गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

मी धावत गेलो, पॅनेल उघडलं, आणि समोर पिवळी तार. आता जे सांगतो ते ऐकून तू हसशील की थुंकशील, मला माहीत नाही. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? 'सापडलास लेका!' इतकी वर्षं माझ्या चुका काढणारा मिलिंद, आणि त्याचीच तार राहिली! मी वळलोसुद्धा, तुला दाखवायला. मागं यादगिरी उभा होता. बाजूच्या फरशीवर सत्तारभाईंचं रक्त अजून पुसलेलं नव्हतं, आणि मी जिंकल्याच्या आनंदात होतो. माझ्यात इतका हलकेपणा आहे हे मला ठाऊक नव्हतं.

तार उपटताना चिंचेचा भात आठवला. 'मी आहे ना' आठवलं. तेवढ्यात श्रीनिवासगारूंनी विचारलं, "ये किसका काम है?"

"मिलिंद ने लगाई थी," मी म्हणालो.

बघ, शब्द न् शब्द खरा! लावली तूच होतीस. पण मला आधी आठवलं आणि मग मी बोललो. हा क्रम मला आता काही केल्या उलटा करता येत नाही. सगळे हळहळले. "बीमार थे बिचारे, ध्यान नै रहा होंगा." यादगिरीनं फक्त माझ्याकडं एकदा बघितलं. मी पॅनेलचे स्क्रू आवळत राहिलो.

मग मी स्वतःशी बरीच वकिली केली, रक्तातच आहे ती. गेलेल्या माणसाचं काय बिघडतं? धंदा टिकला पाहिजे, यादगिरीचं घर त्यावर चालतं. मिलिंद असता तर त्यानंच म्हटलं असतं, घे माझं नाव. हे तर पार खोटं. तू कधीच म्हणाला नसतास. तू म्हणाला असतास, चूक कुणाची ते नीट कळलं नाही तर तीच चूक पुन्हा होते. आणि सुरुवातही तशीच झाली. सगळ्यांना वाटत राहिलं की एका आजारी माणसाचं लक्ष चुकलं, म्हणजे आता भिण्याचं कारण उरलं नाही.

कार्यक्रमानंतर काही दिवसांनी तुझी हत्यारांची पेटी द्यायला तुझ्या घरी गेलो. वहिनी चहा ठेवत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "शिरीषभाऊजी, मी परवा सत्तारभाईंकडं जाऊन आले."

"कशाला?"

"कार्यक्रमात श्रीनिवासगारूंच्या मिसेस म्हणाल्या, ह्यांची तार राहिली होती म्हणून. माझ्या जिवाला चैन पडेना. थोडी फळं नेली. हात जोडले त्यांच्यापुढं. म्हटलं, भाईसाब, ह्यांच्या हातून झालं, मन मोठं करा. ते रडायलाच लागले हो."

मिलिंद, मी तिथं मोरीपाशी उभा होतो. मी सगळं सांगून टाकलं. भात, तार, हॉस्पिटल, मी काय बोललो, कधी बोललो. वहिनींनी गॅस बंद केला. पातेल्यावर झाकण ठेवलं.

"हॉस्पिटलात ते मलाही विचारत होते," त्या म्हणाल्या. "शिरीषनं तार काढली असेल ना गं? मी म्हटलं, असेल की. भाऊजी शब्द देतात तर पाळतात."

मी म्हणालो, "वहिनी, मला माफ…"

"मला नका सांगू," त्यांनी मला मध्येच तोडलं. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज मी असा ऐकला नव्हता. "जिथं बोललात तिथं जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कारखान्यात गेलो. सगळे डबे उघडून बसले होते. मी उभ्या उभ्या सांगितलं, आडपडदा न ठेवता. मिलिंदनं तार काढायला मला सांगितलं होतं, मी काढली नाही, आणि नंतर तुम्ही विचारलंत तेव्हा माहीत असून त्याचं नाव घेतलं. श्रीनिवासगारू तेलुगूत जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. मला अपेक्षित होतं त्यापेक्षा ते कमीच होतं. बोटांना पट्टी बांधलेल्या सत्तारभाईंनी एकच विचारलं, "भाभी कू मालूम है?"

"है."

त्यांनी डबा बंद केला आणि उठून हात धुवायला गेले.

तेव्हापासून मी आणि यादगिरी एकेक मशीन तपासत फिरतोय. मेन बंद करायचा, चालू करायचा, घडी घालून उभं राहायचं. आतापर्यंत कुठंच काही झालं नाही. म्हणजे तुझ्या सगळ्या तारा तू काढल्या होत्यास. मला ते माहीतच होतं. तरी मी जातोय, कारण तुझ्यावर माझा विश्वास आहे, माझ्या आठवणीवर आता राहिलेला नाही. मुहूर्ताची तार मी बंद केली. एका मालकानं त्यापायी ऑर्डर मोडली, एकानं विचारलं की मग मुहूर्ताला फिरवायचं काय. मी म्हटलं, नारळ फोडा, जेवा, मशीन परवा फिरेल. आणि मिलिंद, एका ठिकाणी पूजेच्या वेळी कुणीतरी विचारलं, ते दुसरे इंजिनिअर, धुराची तकलीफवाले, कुठायत? मी सांगितलं, त्यांना धुराचा त्रास कधीच नव्हता, ते बौद्ध होते. समोरचा "अच्छा" म्हणाला आणि हळदीची वाटी पुढं केली. एवढंच. एवढ्यासाठी मी आयुष्यभर तुला धुराचा रोगी करून ठेवलं होतं.

रविवारी मी काचीगुड्याला आलो होतो, वहिनींचा पंखा बंद पडला होता म्हणून. त्या माझ्याशी कामापुरतं बोलतात. बोलतात हेच पुष्कळ. मी पंखा जोडून हात पुसतोय तोच दारात सत्तारभाई. इस्त्रीचा शर्ट, टोपी, उजव्या हाताला पांढरी पट्टी. मला बघितलं, पण मागं फिरले नाहीत.

"बैठो ना भाईसाब," वहिनी म्हणाल्या.

"बैठने नै आया भाभी." ते दारातच उभे राहिले. "आप मेरे घर कू आको हात जोडे थे ना. वो किसी और की माफी थी. मेरेकू मालूम नै था, मैं रख लिया. अब नै रख सकता. वापस करने कू आया."

आणि त्यांनी हात जोडायला घेतले. पट्टीची बोटं वाकेनात, तळवे नीट जुळेनात, तरी ते जुळवत राहिले. वहिनी पुढं झाल्या, त्यांनी तो दुखरा हात अलगद धरून खाली केला. मग दोघांनीही वळून माझ्याकडं बघितलं.

माझे दोन्ही हात धडधाकट होते, मिलिंद. ते वर उचलायला मला केवढा वेळ लागला.